सासरे आले, उरलेलं उद्या

शीतगृहाच्या यंत्रघरात तीन कॉम्प्रेसर आहेत आणि तिघांचे आवाज वेगवेगळे. पहिला घोरतो, दुसरा कुरकुरतो, तिसरा मधूनच मोठा उसासा टाकतो. हे आवाज एका माणसाला इतके पाठ आहेत, की त्यांतला एक जरी थांबला तरी तो बोलता बोलता गप्प होतो आणि मान तिरकी करून ऐकत राहतो. या माणसाला सगळे थंडोबा म्हणतात. एक तर नोकरी थंडीतली, आणि दुसरं म्हणजे चालणं, बोलणं, जेवणं, रागावणं, सगळंच सावकाश. आग लागली असं त्याला कुणी ओरडून सांगितलं तर तो आधी विचारील, कुठल्या बाजूने. बायकोच्या मते हे नाव तिने ठेवलं. मेकॅनिक मंडळींच्या मते त्यांनी. थंडोबाचं यावरचं मत अजून तयार व्हायचं आहे.

अकरा वर्षांपूर्वी या शीतगृहाच्या सोळा खोल्यांचं तापमान एक माणूस वहीत लिहायचा. दर दोन तासांनी कानटोपी घालून आत जायचं, थर्मामीटर बघायचा, आकडा लिहायचा, असं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात तो गृहस्थ चहाच्या टेबलावर बसून आकडे लिही, आणि म्हणून वहीत सोळाही खोल्या बाराही महिने सारख्याच गार असत. एकदा नवव्या खोलीतल्या बटाट्यांना कोंब फुटले, ते पोत्यांतून बाहेर डोकावू लागले, तरी वहीत नववी खोली आपली गारच.

त्या कोंबांनी थंडोबाचं डोकं फिरलं. म्हणजे त्याच्या मानाने फिरलं. महिनाभर विचार करून त्याने प्रत्येक खोलीत तळहाताएवढ्या चार डब्या बसवल्या. डबीत एक सेन्सर आणि नखाएवढा कॉम्प्युटर. डब्या तापमान मोजू लागल्या खऱ्या, पण मोजलेलं सांगायचं कुणाला? तेव्हा त्याला इंटरनेटवर 'पारा' सापडला.

पारा हा कुणा एका मालकाचा प्रोग्राम नव्हता. तो सगळ्यांना खुला होता. कुणीही वाचावा, कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा, आणि सुधारताना बिघडवला तर चारचौघांत बोलणी खावीत. कुठकुठली शीतगृहं, रक्तपेढ्या, रोपवाटिका आपापली तापमानं पाराच्या सर्व्हरकडे पाठवत. तो ती जपून ठेवी आणि काही वेडंवाकडं दिसलं की बोंब मारी. डबीपासून सर्व्हरपर्यंत हा निरोप नेणारा जो कोड, त्याला क्लायंट लायब्ररी म्हणतात. जितक्या भाषांत कोड लिहिणारे, तितके निरोपे. पाराकडे सहा होते, पण थंडोबाच्या डबीत मावेल इतका बारीक चणीचा एकही नव्हता. म्हणून त्याने सातवा लिहिला.

कोड लिहायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तक उघडायचं, चुकायचं, शिव्या द्यायच्या, पुन्हा उघडायचं. पहिली डबी सर्व्हरशी बोलायला चौदा महिने लागले. ती पहिला शब्द बोलली तो 'उणे दोन'. थंडोबाने लगेच बायकोला फोन लावला. ती औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गराड्यात होती.

"उणे दोन म्हणाली," थंडोबा म्हणाला. आवाज चक्क थरथरत होता.

"बरं," ती म्हणाली, "मग स्वेटर घाला."

तर असे हे सात निरोपे आणि खुद्द सर्व्हर एकाच भल्यामोठ्या रिपॉझिटरीत नांदत होते. रिपॉझिटरी म्हणजे कोडचं घर, आणि त्या घरात आजवर कुणी कधी काय हलवलं याची अख्खी बखरसुद्धा. एकेका बदलाला कमिट म्हणतात, आणि दर कमिटला करणाऱ्याने एक ओळ लिहायची असते, काय केलं त्याची. शहाणे लोक त्या ओळीत मुद्द्याचं लिहितात. थंडोबा मनातलं लिही. 'आता तरी चाल बाबा.' 'कालचं सगळं चूक.' 'हे का चालतं ते विचारू नका.'

एकत्र राहण्यात मजा होती, तसा जाचही होता. थंडोबाने आपल्या खोलीतला एक स्वल्पविराम हलवला तरी सगळ्या घराची झडती पुन्हा व्हायची, पावणेदोन तास. दुसऱ्या कुणाच्या खोलीत काही तुंबलं असेल तर थंडोबाचा स्वल्पविराम दाराशी ताटकळत बसायचा.

शेवटी प्रकल्पाच्या कारभारणीने निकाल लावला. ही कारभारीण दूर कुठेतरी एका इस्पितळात क्ष-किरणांची यंत्रं सांभाळायची आणि उरल्या वेळात पारा. पडद्यावर सगळ्यांचे चेहरे जमले तेव्हा ती म्हणाली, "सातही लायब्रऱ्या वेगळ्या करायच्या. ज्याची त्याची रिपॉझिटरी, ज्याचा त्याचा कारभार. तीन आठवडे देते. त्या शनिवारी दुपारी बाराला मी मोठ्या घरातून सातही खोल्या पुसणार. तोवर जी स्वतःच्या जिवावर उभी नसेल, ती अडगळीत."

"अडगळीत म्हणजे?" थंडोबाने विचारलं.

"वाचता येईल, हात लावता येणार नाही. आणि पुढच्या आवृत्तीत सर्व्हरची बोली बदलणार आहे. अडगळीतल्या निरोप्यांचं बोलणं त्याला कळणार नाही."

थंडोबाने मनात हिशेब मांडला. त्याच्या चौसष्ट डब्या मुक्या होणार. दूरची एक रक्तपेढी त्याचीच लायब्ररी वापरत होती, एक अळिंबीवाली बाई वापरत होती, तीही मुकी. आणि इथे पुन्हा वही, पुन्हा कानटोपी, पुन्हा चहाच्या टेबलावरचे आकडे. अकरा वर्षं पाण्यात.

"थंडोबाराव," पडद्याच्या कोपऱ्यातून दाढीवाला म्हणाला. हा दुसऱ्या एका लायब्ररीचा धनी. भाषा फॅशनेबल, दाढीही. "तीन आठवड्यांत तुमची एक अंघोळ तरी उरकेल का?"

बाकीचे हसले. थंडोबाला उत्तर सुचलं, पण तोवर सगळे निघून गेले होते.

वेगळं व्हायच्या दोन रीती होत्या. सोपी रीत म्हणजे आपला कोड उचलायचा, नव्या जागी नेऊन टाकायचा आणि मागची बखर मागेच सोडायची. दाढीवाल्याने ते एका दुपारीत उरकलं. दुसरी रीत किचकट. सगळ्या घराचे चाळीस हजार कमिट चाळायचे आणि त्यांतले आपले तेवढे वेचून, तारखांसकट, ओळींसकट, नव्या घरी न्यायचे. थंडोबाने अर्थातच ही रीत धरली.

"कशाला हा खटाटोप?" कारभारणीने विचारलं. "जुनं कोण वाचतंय?"

"मी," थंडोबा म्हणाला. "अकरा वर्षं मी काय काय चुकलो ते माझ्याबरोबर यायला हवं. नाहीतर तेच परत चुकेन. मला नवीन चुका करायच्यात."

चाळणी आठ दिवस चालली. पहिल्यांदा भोकं इतकी मोठी पडली की दाढीवाल्याची तीन वर्षंही खाली आली. दुसऱ्यांदा इतकी बारीक, की थंडोबा स्वतःच वर अडकला. तिसऱ्यांदा नेमके हाताला आले ते तेराशे बारा कमिट, सगळ्या शिव्याशापांसकट. मग बुधवारी त्याने नव्या घरात आपल्या दोनशे बारा टेस्ट चालवल्या. टेस्ट म्हणजे कोडला विचारलेले बारीकसारीक प्रश्न. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. दोनशे बाराच्या दोनशे बारा हिरव्या. लुसलुशीत, कोवळ्या, पावट्याच्या शेतासारख्या.

बाकी कुणी अजून टेस्टपर्यंत आलं नव्हतं; आयुष्यात पहिल्यांदा थंडोबा सगळ्यांच्या आधी पोहोचला होता. माणसाने अशा वेळी गप्प बसावं. पण त्याने प्रकल्पाच्या फलकावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "माझी लायब्ररी स्वतःच्या पायावर उभी आहे. बाकीच्यांनी आपापले पाय शोधावेत."

गुरुवारी संध्याकाळी जेवताना हे वाक्य त्याने घरी दोनदा म्हणून दाखवलं.

घरी तेव्हा तिघं. थंडोबा, बायको आणि बायकोचे वडील. सासरे म्हणजे बस गॅरेजचे निवृत्त फोरमन. सहा वर्षांपूर्वी लेकीकडे चार दिवसांसाठी आले होते. पाचव्या दिवशी त्यांना नळ गळताना दिसला, सहाव्या दिवशी दाराची कडी, आणि तेव्हापासून काही ना काही दुरुस्त करायचं राहूनच जातंय. दर चार महिन्यांनी ते रुसून पिशवी भरतात, धाकट्या लेकीकडे जातो म्हणतात, आणि पिशवीची चेन नादुरुस्त निघाली की थांबतात.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "तुम्ही तपासलंत म्हणता. पण तपासलंत ते काय?"

"माझी लायब्ररी, मामा. दुसरं काय तपासणार?"

"तसं नव्हे. आमच्याकडे एक मेकॅनिक होता. मन लावून काम करणारा. एका बसचं इंजिन त्याने सबंध उतरवलं, धुतलं, चढवलं. मग साहेब म्हणाले, चक्कर मारून आण. गडी बसला, वीस किलोमीटर जाऊन आला. म्हणाला, लोण्यासारखी चालते. कागद झाला, सही झाली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर ती बस काढायला गेला, तर बस जागची हलेना. खाली वाकून बघतो तर गिअरबॉक्स जमिनीवर."

"म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे काय! शेजारी शेजारी दोन सारख्या बसा उभ्या. हा बहाद्दर शेजारच्या चांगल्या बसमधून फिरून आला."

"आणि बाबा, सही कुणाची होती?"

सासऱ्यांनी पाण्याचा घोट घेतला. "फोरमनची," ते म्हणाले. "ते सोड."

बायको खो खो हसली. थंडोबा हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला. यंत्रघरातला एखादा आवाज थांबल्यासारखी त्याची मान तिरकी झाली.

"काय हो, काय झालं?"

"काही नाही," थंडोबा म्हणाला. "बस."

शुक्रवारी सकाळी कामावर जाताच त्याने आपला कॉम्प्युटर उघडला. त्यावर जुनी लायब्ररी, मोठ्या घरातली, अकरा वर्षांपासून बसवलेली होती. ती त्याने उपटून काढली आणि नव्या घराच्या टेस्ट पुन्हा चालवल्या. एकही चालली नाही. कोडच बांधला गेला नाही, म्हणजे त्याचा चालता प्रोग्राम झालाच नाही. वर एक लाल ओळ: सेन्सरांचा तक्ता सापडत नाही.

झालं होतं ते असं. कोणता सेन्सर किती विजेला किती अंश म्हणतो, याचा एक तक्ता लागतो. तो थंडोबाच्या लायब्ररीत नव्हताच. मोठ्या घरात होता. आणि कॉम्प्युटर हा प्राणी असा, की एखादी वस्तू नव्या घरात सापडली नाही तर तो तोंडातून ब्रही न काढता माळ्यावर चढतो, जुन्या सामानातून ती काढतो आणि जोडून देतो. बुधवारचं ते पावट्याचं हिरवंगार शेत सगळं माळ्यावरच्या मालावर पिकलेलं होतं. थंडोबा शेजारच्या बसमधून फिरून आला होता.

आता गप्प बसणं सोपं होतं. हिरव्या खुणा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. शनिवारी बाराला नवं घर रीतसर मान्य झालं असतं, आणि सोमवारी रक्तपेढीतल्या कुणीतरी ते बांधायला घेऊन थंडोबाच्या नावाने बोटं मोडली असती. थंडोबा फलकासमोर अर्धा तास बसला. परवाचं स्वतःचं वाक्य त्याने तीनदा वाचलं. दर वेळी ते आधीपेक्षा मूर्ख वाटलं. मग त्याने खाली लिहिलं:

"माझ्या लायब्ररीला पाय नाहीत. मी चुकीच्या बसमधून चक्कर मारून आलो." आणि पुढे सासऱ्यांची गोष्ट, सहीसकट.

 मग एकाने लिहिलं, "थांबा, मीही बघतो." मग दुसरीने. मग दाढीवाल्याने, फक्त तीन शब्द: "माझीही तीच बस."

कारभारणीने फोनच केला. "थंडोबा, सातांपैकी चार जण शेजारच्याच बसमध्ये होते. प्रकल्पाची तपासणीची यंत्रंसुद्धा जुन्या सामानाने भरलेली, तीही त्यांनाच सामील. बरं झालं बोललात."

"मग तारीख पुढे?"

"मुळीच नाही. बारा म्हणजे बारा. आणि आता प्रत्येकाने कोऱ्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचं. पाराचा वारासुद्धा लागलेला नसेल अशा."

तक्ता आपल्याकडे का नाही, हे थंडोबाला कळेना. इतका कसा मी गाफील? मग त्याला आठवलं, बखर आहे ना. दाढीवाल्याने ती फेकली होती. थंडोबाकडे तेराशे बारा कमिट शाबूत होते. मोठ्या घरातून तक्ता उसना घेणारी ओळ कधी आली, हे त्याने शोधायला लावलं. पाच मिनिटांत तारीख मिळाली. सहा वर्षांपूर्वीची. आणि त्या कमिटची ओळ, त्याच्याच हातची:

'सासरे आले. उरलेलं उद्या.'

स्वतःचा तक्ता बनवायला त्या दिवशी त्याने सुरुवात केली होती, दाराची घंटा वाजली म्हणून तात्पुरता मोठ्या घरातला जोडून ठेवला होता, आणि तो उद्या काही उगवला नव्हता.

"डबा आणलाय," मागून आवाज आला.

सासरे रोज दुपारी त्याचा डबा घेऊन शीतगृहात येत. ऊन टळेपर्यंत यंत्रघराच्या दारात गारव्याला बसत. थंडोबाने घाईने पडद्यावर हात ठेवला. पण त्याची घाई ती, तोवर सासऱ्यांनी चष्मा लावून, वाचून, चष्मा परत काढलासुद्धा होता.

"म्हणजे माझ्यामुळे बिघडलं."

"तसं नाही हो मामा."

"तसंच आहे. लेखी आहे." सासऱ्यांनी डबा टेबलावर ठेवला. "चार दिवसांसाठी आलो होतो मी. तारीख काय आहे त्यावर? बघा, मंगळवार. मंगळवारीच आलो होतो."

"मी आळशी, तुम्ही नुसतं निमित्त."

"निमित्त!" सासरे म्हणाले आणि गारव्याला न बसता भर उन्हात निघून गेले.

थंडोबा त्यांच्या मागे जाणार, इतक्यात उसासे टाकणारा तिसरा कॉम्प्रेसर उसासा अर्धाच टाकून थांबला. मग काय, तेरावी खोली तापायला लागली, तिच्यात सफरचंदं. झडप उघडा, तेल बघा, पट्टा ओढा. सबंध दुपार तिथे गेली. पण त्याही भानगडीत थंडोबाने एक केलं. मोठ्या घरातल्या तक्त्यात तीनशेवर सेन्सर होते. त्याच्या डबीत मावतील आणि लोक खरोखर वापरतात असे अडतीसच. डबीला अपूर्णांक झेपत नाहीत, म्हणून प्रत्येकाचे आकडे नव्याने मांडायला हवे होते. कॉम्प्रेसरपाशी पोत्यावर बसून, एक कान पट्ट्याकडे ठेवून, पेन्सिलीने त्याने ते अडतीस एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडले. संध्याकाळी तिसरा कॉम्प्रेसर पूर्ण उसासा टाकू लागला आणि पुठ्ठा भरला.

घरी गेला तर सासऱ्यांची पिशवी दाराशी भरून तयार. आणि चेन चालू स्थितीत.

"काय केलंत तुम्ही?" बायकोने दबक्या आवाजात विचारलं. "या वेळी चेनला साबण लावलाय त्यांनी."

थंडोबाने सगळं सांगितलं. कोऱ्या कॉम्प्युटरचंही सांगितलं. जाणकार म्हणतील, कोरी जागा त्याच कॉम्प्युटरच्या पोटातसुद्धा तयार करता येते. येते. पण थंडोबाचा आपल्या कॉम्प्युटरवरचा विश्वास उडाला होता. माळा कुठे कुठे निघतो कुणी सांगावं.

"दुकानात गेल्या आठवड्यात नवा कॉम्प्युटर घेतलास ना?" त्याने विचारलं.

"त्याला हात लावायचा नाही."

"दुकान उघडायच्या आत. तासभर."

"तुमचा तास मी बघितलाय. लग्नाला आलात तो तुमचा तासच होता." मग ती पिशवीकडे बघत राहिली. "आठला शटर अर्धं उघडीन," ती म्हणाली. "पण बाबांना तुम्ही थांबवायचं. माझं नाही ऐकत."

शनिवारी सकाळी आठला औषधांच्या दुकानात अर्ध्या शटरखालून तिघं वाकून आत शिरले. तिसरे सासरे, पिशवीसह. बसला वेळ आहे म्हणून, असं त्यांनी दोनदा बजावलं. दुकानात खोकल्याच्या औषधाचा आणि नव्या पुठ्ठ्यांचा वास. कपाटांचे शेकडो खण. थंडोबाने कोऱ्या कॉम्प्युटरवर नवं घर आणलं आणि पुठ्ठ्यावरून आकडे भरायला बसला. दोन बोटांनी. एक आकडा बघायचा, चष्मा वर, एक कळ दाबायची, चष्मा खाली.

पाव तासात तीन सेन्सर झाले. सासरे उभे राहून बघत होते. त्यांचा हात दोनदा पुठ्ठ्याकडे गेला आणि मागे आला.

"आणा तो पुठ्ठा इकडे," ते शेवटी म्हणाले. "गॅरेजात चाळीस वर्षं सुट्या भागांचे नंबर ओरडलोय मी. तुम्ही नुसते मारा. चौथा! एक हजार चोवीस! वजा सत्तावीस! झालं? पाचवा!"

थंडोबा आयुष्यात इतक्या वेगाने कधी चालला नव्हता. नऊ वाजता शटर पूर्ण वर गेलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, चिठ्ठी पुढे केली. बायकोने कॉम्प्युटरकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि खण हाताने उघडू लागली. कोणतं औषध कुठे आहे हे तिला त्या यंत्रापेक्षा जास्त पाठ होतं. "एकोणिसावा! दोन हजार अठ्ठेचाळीस!" सासरे ओरडले. खोकणाऱ्या म्हाताऱ्याने घाबरून विचारलं, "इतक्या गोळ्या?"

साडेदहाला अडतीस संपले. टेस्ट सुरू झाल्या. हिरवी, हिरवी, हिरवी. तिघंही कॉम्प्युटरसमोर, चिठ्ठीवालेही वाकून बघत. दोनशे अकरा हिरव्या, आणि शेवटची लाल.

"हे काय आता?" बायको म्हणाली.

थंडोबाने वाचलं आणि कपाळाला हात लावला. लायब्ररीला कुणी विचारलं, तुझी आवृत्ती कितवी, तर ती उत्तरासाठी मोठ्या घराच्या सर्व्हरकडे बघत होती. मोठं घर नवव्या आवृत्तीला, म्हणून हीसुद्धा नववी. अकरा वर्षांची घोडी झाली, पण कुणी वय विचारलं की बापाकडे वळून बघायची.

"तिचं तिला सांगू द्या," सासरे म्हणाले.

"कितवी सांगू, मामा?"

"वेगळी झाली ना आजपासून? मग पहिली."

थंडोबाने एक लिहिला. अकरा वाजून वीस मिनिटांनी दोनशे बाराव्या टेस्टला हिरवी खूण आली. कोऱ्या कॉम्प्युटरवर; माळा नाही, उसनं नाही. खोकणाऱ्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली. कशाची ते त्याला माहीत नव्हतं.

आता फक्त कमिट करायचं, ओळ लिहायची, कारभारणीकडे पाठवायचं. थंडोबाची बोटं कळांवर थांबली. सासऱ्यांनी पिशवी उचलली होती. चेन त्यांनी एकदा मागेपुढे करून पाहिली. ती लोण्यासारखी चालत होती.

"निघतो," ते म्हणाले. "तुमचं उरलेलं झालं."

"मामा, एक मिनिट. शुद्धलेखन बघता?"

सासऱ्यांनी नाराजीने चष्मा लावला. थंडोबाने सावकाश, एकेक कळ दाबत, ओळ लिहिली. सासऱ्यांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली. मग चष्मा काढून तो सदऱ्याला बराच वेळ पुसला.

"हे सगळ्यांना दिसतं?"

"सगळ्यांना. आणि कायमचं. इथून पुसता येत नाही काही."

"मग आता जाऊन कसं चालेल?" सासरे रागाने म्हणाले. "खोटं पडेल ना ते."

त्यांनी पिशवी गल्ल्याखाली सरकवली आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणाले, "तुमचं काय, बोला."

बाराला दहा कमी असताना थंडोबाने कळ दाबली. दहा मिनिटांनी कारभारणीने मोठ्या घरातली त्याची खोली पुसली. पडद्यावर पुसलेल्या कोडच्या चौदा हजार लाल ओळी सरसर वर गेल्या, अकरा वर्षं, आणि घर मोकळं झालं. नव्या घरात सगळ्यांत वर एकच ताजी ओळ होती, आणि तिच्याखाली दाढीवाल्याने सगळ्यांत आधी हसऱ्या तोंडाची खूण ठेवली. ओळ होती:

'उरलेलं केलं. सासरे अजून इथेच.'